तोफ्रेकचे घरमालक

पामर्स्टन नॉर्थमधल्या त्या घरात वेळ लढायांमध्ये मोजत असत. एक लढाई म्हणजे वीस मिनिटं. राजम्याला दीड लढाई, विमानतळ पाऊण लढाईवर, आणि काकूंच्या बहिणीचा फोन आला की दोन लढाया धरायच्या. मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी दारातच सांगितलं, की गरम पाण्याची टाकी लहान आहे, अंघोळीला पाव लढाईपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. पाव लढाई म्हणजे किती, असं मी विचारलं. पाच मिनिटं, असं सांगून त्यांनी मूळ लढाई कोणती हे सांगायला घेतलं. ते सांगणं तासभर चाललं. खोली दाखवायची राहून गेली. ती काकूंनी नंतर दाखवली.

२००४ ते २००६ अशी दोन वर्षं मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या त्या खोलीत राहिले. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षं काढून मी तिकडे गेले होते आणि एका स्थानिक साप्ताहिकात पानं लावायचं काम करत होते. घरमालकांना सगळे मराठी विद्यार्थी काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणू लागले. ते सहासष्ट वर्षांचे होते. सत्तरच्या दशकात दुग्धसंशोधनाच्या नोकरीवर न्यूझीलंडला आले, दुधाच्या भुकटीत ओल किती राहते हे तीस वर्षं मोजलं आणि निवृत्त झाले. उंची बेताची, अंगाने सडसडीत. बाराही महिने अर्धी विजार, पायांत लोकरी मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे तिकडच्या अंगठ्याच्या रबरी चपला. अंगठ्यापाशी मोजा आत दाबला गेल्यामुळे त्यांचे सगळे मोजे पुढून दुभंगलेले असत. डोक्यावर कानटोपी, कारण त्या गावात वारा कधी पडत नाही.

लढाई होती तोफ्रेकची. तांबड्या समुद्राच्या काठी, सुदानच्या बाजूला, सुआकिन नावाचं बंदर आहे. १८८५च्या मार्च महिन्यात तिथून इंग्रजांची एक फौज आत वाळवंटाकडे निघाली. तीत गोऱ्या पलटणी होत्या आणि हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही. मुंबई इलाख्याची एक त्यांत होती. बरोबर शेकडो उंट, आणि उंटांमागे चालणारी, पाणी वाहणारी, स्वयंपाक करणारी माणसं. काही मैल गेल्यावर झाडी इतकी दाट लागली की फौजेने तिथेच थांबून काटेरी झुडपं तोडायला आणि त्यांचं कुंपण रचायला घेतलं. दुपारची वेळ होती. कोणी जेवत होतं, कोणी झुडपं ओढत होतं, उंटांवरची ओझी उतरत होती. कुंपण अर्धं झालं असताना झाडीतून तिथल्या टोळ्यांचा हल्ला आला. वीस मिनिटांत सगळं संपलं. एक देशी पलटण फुटली, मुंबईची टिकली. इतिहासाच्या जाड पुस्तकांत या लढाईला अर्धं पान मिळतं, कधी तळटीप.

काकांनी तिला एक गॅरेज दिलं होतं. गाडी बाहेर पावसात उभी असे. आत टेबल टेनिसच्या टेबलावर समुद्रकाठची काळसर वाळू पसरलेली होती आणि तिच्यात तोफ्रेक मांडलेलं होतं. सैनिक म्हणजे लवंगा. टोकाने वाळूत रोवल्या की त्या डोक्यावर पगडी घातल्यासारख्या ताठ उभ्या राहत. हल्ला करणारे म्हणजे काळे मिरे. उंट म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, दोन दाण्यांची निवडून घेतलेली. काका हातात चिमटा घेऊन यायचे आणि एकेक लवंग अर्धा इंच सरकवायचे. एखाद्या नव्या पुस्तकात एखादी तुकडी दहा पावलं डावीकडे होती असं निघालं की दोन दिवस जेवणाच्या वेळा चुकत. काकू म्हणत, “यांची फौज वाढली की माझ्या मसालेभाताला दालचिनीवर भागवावं लागतं.”

गॅरेजमध्ये बसून ते बघणाऱ्याला लढाई सांगत. सांगणं नेहमी वीस मिनिटांचंच असे. स्वयंपाकघरातला अंडी उकडायचा टायमर ते शेजारी लावून ठेवत. विसाव्या मिनिटाला घंटा वाजली की वाक्य अर्धं सोडून गप्प होत, कारण तेव्हा गोळीबार थांबला होता. त्या सांगण्यात एक जागा ठरलेली होती. हल्ला आला, उंट बिथरले, उंटवाले पळाले आणि ते आपल्याच फळीत घुसून त्यांनी फळी फोडली. इथे काका शेंगांची रांग बोटाने विस्कटत आणि म्हणत, “उंटवाल्यांनी घोळ केला.” टेबलावर शेंगा होत्या. उंटवाले दाखवायला काहीच ठेवलेलं नव्हतं.

कुंपणासाठी त्यांना खरे काटे हवे होते. न्यूझीलंडमध्ये गॉर्स नावाचं काटेरी झुडूप माजतं. पिवळी फुलं येतात, बी वर्षानुवर्षं मातीत टिकतं, आणि शेतकरी त्याला घरात शिरलेल्या सापासारखं वागवतात. काकांनी एका शनिवारी नदीच्या बांधावरून गाडीची डिकी भरून गॉर्स आणलं. टेबलावरच्या कुंपणाला मूठभर काटक्या पुरल्या. उरलेल्याचं त्यांनी मागच्या हिरवळीवर खऱ्या मापाचं दहा पावलांचं कुंपण रचलं. काटेरी कुंपण रचायला एका माणसाला किती वेळ लागतो, हे त्यांना मोजायचं होतं.

शेजारी एक म्हातारा गोरा राहत असे. आयुष्यभर मेंढ्या पाळून शेवटी गावात घर घेतलेला, त्याआधी तरुणपणी काही वर्षं सैन्यात काढलेला. तो सकाळी चहाचा मग घेऊन कुंपणापाशी आला, हिरवळीकडे बघितलं आणि मग खाली ठेवला. मी त्याला त्यापूर्वी किंवा त्यानंतर आवाज चढवताना ऐकलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की त्याने आयुष्यातली चाळीस वर्षं हे झुडूप उपटण्यात घालवली आणि आता कोणीतरी ते हौसेने घरी आणलं आहे. काकांनी शांतपणे सांगितलं, की फुलं नसलेल्या फांद्या निवडून आणल्या आहेत, बी पडणार नाही, आणि कुंपण पूर्ण व्हायला अजून दोन लढाया लागतील. म्हाताऱ्याने कसली लढाई असं विचारलं. त्या दिवशी दुपारी तो गॅरेजमध्ये होता. संध्याकाळी दोघांनी मिळून गॉर्स जाळलं. पुढे दर गुरुवारी तो चहाला येऊ लागला आणि मिऱ्यांची बाजू घेऊ लागला. काकू त्याला आल्याचा चहा देत. तो प्रत्येक वेळी पहिल्या घोटाला खोकायचा आणि “स्वीट ॲज,” म्हणजे झकास, म्हणायचा.

पुराव्याच्या बाबतीत काका कडक होते. कोणतीही गोष्ट दोन वेगळ्या साक्षीदारांनी सांगितल्याशिवाय ते खरी धरत नसत. माझं साप्ताहिक ते लाल पेन घेऊन वाचत आणि गुरुवारी सकाळी माझ्या दारात ठेवत. फुलांच्या प्रदर्शनाला दोनशे माणसं आली असं छापलं असेल तर समासात लिहिलेलं असे: कोणी मोजली? मी डेस्कवर अनेक संपादकांच्या हाताखाली काम केलं आहे. इतका त्रासदायक आणि इतका बरोबर माणूस त्यांत नव्हता.

या माणसाने एक गोष्ट मात्र एकाही साक्षीदाराशिवाय खरी धरली होती. त्यांचे पणजोबा तोफ्रेकला मुंबईच्या पलटणीत लढताना पडले, असं ते मानत.

याची हकिकत मला काकूंनी सांगितली. काकांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. मुलगा आठ वर्षांचा असताना त्यांनी त्याला आपल्या आजोबांची सुदानची गोष्ट सांगायला घेतली, संध्याकाळी दिवेलागणीला, रोज थोडी थोडी. जहाज, समुद्र, वाळवंट, काटे. एका संध्याकाळी गोष्ट इथवर आली, की धुळीतून दोन घोडेस्वार दौडत आले आणि ओरडू लागले. पुढचं उद्या, असं वडील म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. विषमज्वर होता. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. आई मुलाला घेऊन पुण्याला माहेरी आली, जमिनीवरून भावकीशी बिनसलं, येणंजाणं थांबलं. आजोळी ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. कॉलेजात असताना काकांना ग्रंथालयात त्या लढाईचं अर्धं पान सापडलं. त्यात हल्ल्याची खबर घेऊन दौडत आलेले दोन घोडेस्वार होते. पुढे काय झालं तेही होतं, फक्त पणजोबा नव्हते. तेवढी जागा त्यांनी स्वतः भरली. मुंबईची पलटण टिकली, वडील गोष्ट अभिमानाने सांगत, तेव्हा पणजोबा फळीत उभे होते आणि तिथेच पडले, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. नंतर तो निष्कर्ष त्यांनी कधी तपासला नाही.

तपासला नाही म्हणजे, नाव शोधलं. लंडनच्या दप्तरखान्यांना पत्रं लिहिली. पलटणीच्या मृतांच्या यादीत ते नाव नाही, असं उत्तर दोनदा आलं. काकांनी ते कारकुनाच्या हस्ताक्षरावर ढकललं.

दर एप्रिलच्या पंचवीस तारखेला तिकडे युद्धात पडलेल्यांचं स्मरण करतात. पहाटे गावाच्या मधल्या चौकात लोक जमतात. स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावायची, बापआज्यांची उजव्या, अशी रीत आहे. काका दरवर्षी शेजाऱ्याबरोबर जात. त्यांची छाती दोन्ही बाजूंनी रिकामी असे. २००५च्या एप्रिलमध्ये परत येताना शेजाऱ्याने सांगितलं, की माजी सैनिकांच्या क्लबात दुपारी सभासद आपापल्या घरातल्या पडलेल्या माणसांची नावं वाचतात. तो क्लबात शब्द टाकायला तयार होता. पुढच्या वर्षी काकांनी पणजोबांचं नाव वाचावं. क्लबाने हरकत घेतली नाही. माणूस तिथे पडला असं दाखवणारा एखादा कागद, नाहीतर घरातल्या कोणा मोठ्या माणसाचं लेखी म्हणणं, एवढंच मागितलं.

काकांनी त्या दिवसापासून दुसरं काही केलं नाही. टेबलावरच्या वाळूवर धूळ बसू लागली. ते नाव, ते गाव आणि त्यापुढे “तोफ्रेक” एवढे तीन शब्द एका इंग्रजी सभागृहात उभं राहून म्हणायचे, याची त्यांनी किती तयारी चालवली होती ते मला माझ्या खोलीच्या भिंतीतून ऐकू येई. बाथरूममध्ये ते तीन शब्द वेगवेगळ्या वेगाने म्हणून बघत.

साक्षीदार जूनमध्ये मिळाला. ऑकलंडला मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत काकांपुढे एक नवा आलेला आयटीवाला उभा होता. तुमचं गाव कोणतं, असं नेहमीप्रमाणे सुरू झालं आणि वाढपी ओरडेपर्यंत थांबलं नाही. तो काकांच्या सख्ख्या आत्याचा मुलगा निघाला. ऑकलंडच्याच मनुरेवा भागात राहत होता. आत्या हयात होत्या, पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी मुलाकडे यायच्या होत्या. काका रांग सोडून बाहेर गेले. काकूंना ते गाडीत बसलेले सापडले. त्यांनी पानही वाढून घेतलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी मुलाने आत्यांना गाडीने आणून सोडलं. नऊवारी लुगडं, त्यावर नातवाचा लांब बाह्यांचा स्वेटर, पायांत पांढरे पळायचे बूट. मापाने लहानखुऱ्या, आवाजाने मोठ्या. दारात उतरल्या उतरल्या त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट बघितला आणि म्हणाल्या, “नाक आमचं हाय. बाकीचं कुनाचं हाय कुनास ठाऊक.”

काकांनी टेपरेकॉर्डर, तीन कोऱ्या कॅसेटी आणि एक जाड वही तयार ठेवली होती. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता, म्हणून लढाईचा विषय त्यांनी काढलाच नाही. रोज सकाळी दहा वाजता ते आत्यांना खुर्चीवर बसवत आणि गावापासून सुरुवात करत. वेस कुठे होती, विहिरी किती, घराचं दार कोणत्या दिशेला. चार दिवसांत ते उंबरठ्यापर्यंत पोचले. आत्यांना कंटाळा आला. त्यांनी काकूंना विचारलं, “ह्यो माज्याकडनं घर इकत घेतोय का काय?”

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही चौघं स्वयंपाकघरात होतो. आत्या मटार सोलत होत्या, काकू भांडी विसळत होत्या, मी गुरुवारचं पान वाचत होते. आत्यांनी काकांना विचारलं, की पितृपंधरवडा चालू आहे, तुझ्याकडे म्हाळ कधी असतो. काकांकडे म्हाळ कधीच नसे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्यांनी एकदाही पितरांना जेवू घातलं नव्हतं, त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या दिवशी ते घालू म्हणाले, आणि लगेच दिवसही सांगितला. या वर्षी चतुर्दशीला घालायचा.

“चतुर्दशीला कशापाई?” आत्या म्हणाल्या. “चतुर्दशी हत्यारानं मेलेल्यांची.”

“म्हणूनच. पणजोबांसाठी.”

“कुनाचं पणजोबा?”

“माझे. तुझे आजोबा. लढाईत गेले ते.”

आत्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली. काकूंनी नळ बंद केला.

“आरं, माजा आजा द्वादशीला गेला. वसरीवर, घोंगडीवर निजून. मी उशाला हुते. आठ वर्सांची हुते मी.”

 आत्यांना वाटलं काकांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने परत सांगितलं.

“ते लढाईहून परत आले?” काकांनी विचारलं.

“न्हाई आला तर माजा बाप कुठनं जन्मला? लढाईवरनं आला, मग त्याचं लगीन झालं, मग माजा बाप झाला. तुजा आजा. तवा तू जन्मलास.” मग त्या काकूंकडे वळून म्हणाल्या, “एवढी बुकं हैत घरात, आन् याला हिशेब येत न्हाई.”

गॅरेजच्या भिंतीवर काकांनी काढलेली वंशावळ होती. आजोबांच्या नावापुढे जन्मवर्षाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. वीस मिनिटांतलं प्रत्येक मिनिट त्यांना ठाऊक होतं. ते प्रश्नचिन्ह पुसायला एक पत्र पुरलं असतं. बातमीदारीत ही चूक नेहमी बघायला मिळते. बाहेरून आलेली माहिती माणूस चारदा तपासतो आणि घरून आणलेली तशीच छापतो.

काकांनी मग तो प्रश्न विचारला. पणजोबा पलटणीत कोणत्या जागी उभे होते?

पलटणीत नव्हते, असं आत्यांनी सांगितलं. ते उंटांवर होते. त्या वर्षी काम नव्हतं, मुंबईला माणसं घेत होते म्हणून गेले. आधी उंट बघितलाही नव्हता. बोटीतून उतरल्यावर तीन उंट त्यांच्या हातात दिले, पाठीवर पाण्याच्या टाक्या होत्या. पुढचं आत्यांनी आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं, आणि त्यांनी ते मटार सोलता सोलता सांगितलं. टेप चालू करायची काकांना शुद्ध राहिली नाही. मी समोरच्या पानाच्या समासात लिहून घेत होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

धुळीतून घोडेस्वार आले, ओरडले. आजोबा दुसऱ्या उंटाची टाकी सोडत होते. मग सगळंच अंगावर आलं. माणसं पळाली, उंट पळाले, आजोबाही पळाले. दोन उंट सुटले. तिसऱ्याच्या दोरीत त्यांचा पाय अडकला. उंटाने त्यांना काट्यांपर्यंत फरफटत नेलं आणि तिथे तो गोळी लागून पडला. आजोबा त्याच्या आडोशाला पालथे पडून राहिले. गोळ्या दोन्हीकडून येत होत्या. आवाज थांबल्यावर ते उठले, पडलेल्या टाकीचा नळ सोडला, स्वतः प्याले आणि मग ओंजळीने उंटाला पाजू लागले. एका शिपायाने येऊन त्यांचा हात धरला तेव्हा त्यांना कळलं, की उंट मेलेला आहे.

“आजा म्हनायचा, पायात दोरी आली म्हनून ऱ्हायलो, न्हाईतर समुद्रापातूर पळालो असतो,” आत्या म्हणाल्या. “लई पळत हुती म्हनायचा समदी. जी पळत हुती ती आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी पडली.”

काका उठले आणि गॅरेजमध्ये गेले. दार लावून घेतलं. काकूंनी घड्याळाकडे बघितलं आणि मला चहा टाकायला सांगितला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते टेबलाशी उभे होते. वाळूतल्या शेंगांच्या प्रत्येक तिकडीमागे त्यांनी एक तांदळाचा दाणा ठेवायला घेतला होता. चिमट्यात दाणा नीट धरला जात नव्हता, म्हणून ते बोटांनी ठेवत होते.  दाणे ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं, की पुस्तकांत शिपायांचे आकडे आहेत, अंमलदारांची नावं आहेत, मेलेले उंटही मोजलेले आहेत. उंटवाल्यांबद्दल “बरेच” असं लिहिलं आहे. “अठ्ठेचाळीस वर्षं मी ते वाचतोय,” ते म्हणाले. “समासात एकदाही लिहिलं नाही, कोणी मोजले म्हणून.”

शेजारी गुरुवारी आला तेव्हा काका त्याच्याशी इंग्रजीत बोलले आणि उभं राहून बोलले. त्यांनी क्लबाला कळवायचं पत्र लिहून ठेवलं होतं. ते वाचूनच दाखवलं. पणजोबा तिथे पडले नव्हते. ते शिपाईही नव्हते. ते पळाले होते. चुकीच्या माहितीवर क्लबाचा वेळ घेतल्याबद्दल त्यांनी माफी मागितली होती.

म्हाताऱ्याने पत्र ऐकलं. आत्या समोर बसल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे बघून विचारलं, की म्हणजे तो माणूस जिवंत घरी आला? काकांनी हो म्हटलं.

“गुड ऑन हिम,” तो म्हणाला.

 आत्यांनी तो गोरा काय म्हणतोय असं विचारलं. काकूंनी सांगितलं, तुमच्या आजोबांनी बरं केलं म्हणतोय. “मग?” आत्या म्हणाल्या. “त्याला कळतंय की.” त्यांनी उठून त्याच्या बशीत आणखी एक शंकरपाळा ठेवला. तो खोकला आणि नेहमीचं म्हणाला.

पुढच्या एप्रिलमध्ये काकांनी क्लबात नाव वाचलं नाही. त्या महिन्यात गावच्या ग्रंथालयात मात्र त्यांचं तोफ्रेकवर भाषण झालं. अकरा माणसं होती, मी मोजली. टायमर आणला नव्हता. उंटवाल्यांनी घोळ केला, हे वाक्य त्यात नव्हतं. दोरीत पाय अडकलेल्या एका माणसाची हकिकत होती. तो माझा पणजोबा, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

म्हाळ त्याआधी, आत्या होत्या त्याच पंधरवड्यात, द्वादशीला घातला. वारा होता, आणि मागच्या हिरवळीवर चेरीला फुलं आली होती. काकूंनी खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आळूच्या जागी पालकाचं फदफदं केलं. पान वाढून बाहेर बाकावर ठेवलं. अडचण कावळ्याची होती. त्या गावात कावळा नाही. काकांनी ते आत्यांना सकाळीच सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. कावळा नसलेला देश असू शकतो हे त्यांना पटत नव्हतं. बराच वेळ कोणी आलं नाही. मग शेजाऱ्याच्या छपरावरून एक मॅगपाय उतरला. कावळ्याएवढाच, पण मान आणि पाठ पांढरी. तो पानाभोवती एकदा फिरला, वड्याला चोच लावली, तुकडा तोडला आणि उडाला.

“चालंल?” काकूंनी विचारलं.

“अर्धा तर काळा हाय,” आत्या म्हणाल्या. “आजानं उंट चालवून घेतला, त्याला ह्यो चालंल.”

आम्ही तिथेच गवतावर पानं घेतली. काका पहिल्यांदाच पितरांसाठी सकाळपासून उपाशी राहिले होते आणि तरी जेवत नव्हते. वही मांडीवर होती. गेले तीन दिवस ते काहीच विचारत नव्हते. आत्यांना ती शांतता आवडली नव्हती, आणि त्यांनी तसं काकूंना बोलूनही दाखवलं होतं. पणजोबा लढाईनंतर चाळीसहून जास्त वर्षं जगले होते, आणि वहीत त्यातलं एकही वर्ष नव्हतं.

काकांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

“आत्या,” ते म्हणाले, “ते हसायचे का गं?”

आत्यांनी घास थांबवला. “कोन, आजा?” त्यांचा स्वतःचाच चेहरा बदलला. “हसायचा म्हंजी? खोकला लागंस्तवर हसायचा. गल्लीच्या टोकाला आयकू जायचं. म्हशीला हसायचा, तलाठ्याला हसायचा, आजीला तर रोज हसायचा.”

“आजीला कशाला?”

“त्याची एक गंमतच हाय.”

काकांनी पेनचं टोपण काढलं. आत्यांनी पान जरा बाजूला सारलं, मांडी बदलली आणि सांगायला लागल्या. खिरीवर साय धरली. काकूंनी वडे गार होतील असं दोनदा म्हटलं, मग त्याही ऐकत बसल्या.